मुकादम कुणाचा माणूस?

दसरा जवळ आला. कारखान्यांचे बॉयलर पेटायला अवकाश आहे, पण मुकादम गावोगाव फिरायला लागलेत. किनवट-माहूरकडच्या गोंड-कोलामांच्या वस्त्या असोत की कळमनुरी-औंढ्याकडच्या आंधांच्या, उचलीच्या नोटा मोजणं चालू झालं आहे. ज्याच्या घरात ज्वारी सरली त्याच्या दारात मुकादम आधी जातो. त्याला ते कसं कळतं, हे आपल्याला ठाऊक आहे. तो आपल्याच गावचा, पुष्कळदा आपल्याच भावकीतला असतो.

काही साथींनी विचारलं, ही पत्रिका जमिनीची, तिच्यात ऊसतोडीचं काय काम? मजुरीचं बघायला युनियनवाले आहेत की. आम्हाला हे पटत नाही. आपली माणसं फडावर जातात तीच मुळी जमीन पोटापुरतं देत नाही म्हणून, आणि फडावर गेली की मागं जमीन जाते. सरकारचा २७ डिसेंबर १९७८ चा निर्णय आपल्याला पाठ आहे. १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळात ज्यानं जमीन कसली त्याचं अतिक्रमण कायम करायचं, असं त्यात आहे. १९८० साली जंगलाचा नवा कायदा आला आणि त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी कागद आणखी ताणून बघतात. मग पंचनाम्याला माणसं येतात तेव्हा आपण कुठं असतो? फडावर, खोपीत. घरी म्हातारी. म्हातारीला विचारून लिहून नेतात, ‘पीक नाही, कब्जा नाही.’ तेव्हा मजुरीची भरती कशी होते हा जमिनीचाच प्रश्न आहे.

चुडाव्यात आम्ही काय ऐकलं ते सांगतो. चुडावा हे नांदेड आणि पूर्णेच्या मधलं लहान स्टेशन. किनवटकडची माणसं मुदखेड-नांदेडवरून इथं येतात, हिंगोलीकडची पूर्णेला गाडी बदलून. येलदरी आणि सिद्धेश्वरचं पाणी कालव्यानं खाली आलं तसा वसमतच्या पट्ट्यात ऊस वाढला, आणि ऊस वाढला तशी तोडणाऱ्यांची भरतीही. गेल्या हंगामात पट्टा पडल्यावर परतणाऱ्या टोळ्या स्टेशनात बसल्या होत्या. भांडी, कोंबड्या, लेकरं, सगळं बरोबर. आम्ही एकच प्रश्न विचारत गेलो, तुमच्या हिशोबाची वही कुणी बघितली का? कुणीच बघितली नव्हती. किती टन तोडला? मुकादमाला ठाऊक. बाकी किती राहिली? मुकादम सांगेल. एका बाईला विचारलं, तुझं नाव वहीत आहे का गं? ती म्हणाली, ‘वहीत कोयत्याचं नाव आहे.’

नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. बाई पहाटे उठून भाकरी करते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, आणि हिशोबात ती नवऱ्याच्या कोयत्याचा अर्धा भाग. समान वेतनाचा कायदा १९७६ साली आला. पण बाईची मजुरी वेगळी लिहिलीच जात नाही, तर समान की असमान हे तपासायचं कशावरून?

एका टोळीनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हाला सगळ्यात जास्त लागली. त्यांच्या मुकादमानं उचलीला तारण म्हणून वनखात्याच्या दंडाच्या पावत्या मागून घेतल्या होत्या. मंडळी, त्या पावत्या म्हणजे आपली शेती! कोणत्या साली आपण तो तुकडा कसत होतो याचा सरकारी शिक्क्याचा पुरावा दुसरा कुठला आहे? ज्या कागदानं खात्यानं आपल्याला गुन्हेगार ठरवलं, तोच कागद आज आपल्या बाजूनं बोलतो. तो कुणाच्याही पिशवीत द्यायचा नाही, मुकादम सख्खा मेहुणा असला तरी.

आता मुकादम कुणाचा माणूस? कारखान्याशी करार त्याचा, पैसा तो तिथून उचलतो आणि आपल्याला वाटतो. आपण तोडलेल्या प्रत्येक टनावर त्याला कमिशन. टोळी पळाली तर कारखाना त्याच्या मानगुटीवर, म्हणून तो आपल्या मानगुटीवर. कारखान्याच्या हपिसात तो ‘मजुरांचा प्रतिनिधी’ म्हणून बसतो आणि आपल्या खोपीपुढं ‘मालकाचा माणूस’ म्हणून उभा राहतो. त्याला दुश्मन म्हणा असं आमचं म्हणणं नाही. टोळी फुटल्यामुळं स्वतःचे बैल विकावे लागलेले मुकादमही आहेत. पण एक माणूस दोन्हीकडून बोलू शकत नाही. ज्याचं पोट आपल्या टनांवर आणि ज्याची मान कारखान्याच्या हातात, तो चिटबॉयशी आपल्यासाठी भांडणार नाही. काट्यावर वजन कमी लागलं म्हणून गाडी अडवणार तर नाहीच नाही.

वजनाचं काय होतं ते समजून घ्या. आकडे नुसते हिशोबासाठी धरू. समजा उचल २४०० रुपये, टनाला १५ रुपये दर, आणि एक कोयता दिवसाला २ टन तोडतो. म्हणजे दिवसाचे ३० रुपये आणि उचल फिटायला ८० दिवस. यात आठवड्याची खर्ची धरलेली नाही, आजारपणाचा खाडाही नाही. आता काट्यावर टनामागं एकच क्विंटल कमी लिहिलं. दिवसाला २ क्विंटल गेले, ८० दिवसांत १६ टन. त्याचे २४० रुपये, म्हणजे आठ दिवसांची दोघांची मेहनत, चिठ्ठी न बघितल्यामुळं गेली. पुढं ‘बाकी’ म्हणून ती दुसऱ्या सालावर चढते. मग पुढच्या दसऱ्याला मुकादम उचल द्यायला येत नाही, वसुलीला येतो.

कायदा काय म्हणतो? १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी बंद झाली आणि तिचं कर्जही रद्द झालं. उचल घेतली म्हणजे लगेच वेठबिगार झालो असं नाही. पण उचलीपायी दुसरीकडं कामाला जायला बंदी, फडावरून हलायला बंदी, किंवा किमान वेतनाहून कमी मजुरी, यातलं काहीही असलं तर ती वेठबिगारीच. अशा वेळी हे कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर आहे, आपल्यावर नाही. १९८२ साली दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की किमान वेतनाहून कमी देऊन काम करून घेणं ही राज्यघटनेच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरी आहे. डिसेंबर १९८३ मध्ये हरियाणातल्या दगडखाणींच्या मजुरांचा निकाल लागला. तो खटला वकिलानं फी घेऊन घातलेला नव्हता. एका संघटनेनं कोर्टाला पत्र लिहिलं, त्या पत्राचाच खटला झाला. सक्तीनं राबवल्याचं दिसलं की ते उचलीपायीच आहे असं कोर्ट धरून चालेल आणि तसं नाही हे मालकानं किंवा सरकारनं दाखवायचं, असं त्यात म्हटलं आहे.

याच १९७६ च्या कायद्यात आपल्या कामाची आणखी एक गोष्ट दडली आहे. प्रत्येक जिल्ह्याला दक्षता समिती हवी, आणि तिच्यात त्या जिल्ह्यातली अनुसूचित जाती-जमातींची तीन माणसं कलेक्टरनं नेमायची. आपल्या जिल्ह्याच्या समितीत ही तीन माणसं कोण आहेत, हे तुमच्या गावात एकाला तरी सांगता येईल का? नावं विचारायला आपण कलेक्टर कचेरीत जाणार आहोत. यायचं तर पाचजणांनी नको, पन्नासांनी या.

बोधनच्या साखर कारखान्याकडं जे जायचे त्यांचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथं राज्याची हद्द ओलांडावी लागायची. १९७९ चा परराज्यात जाणाऱ्या कामगारांचा कायदा ठेकेदाराला बांधायचा. त्याच्याकडं परवाना असावा लागे. प्रत्येक कामगाराला फोटो चिकटवलेलं पासबुक द्यावं लागे, आणि त्यातला मजकूर कामगाराच्या भाषेतही असावा लागे. घर सोडल्याचा भत्ता महिन्याच्या मजुरीच्या निम्मा किंवा ७५ रुपये, जो जास्त असेल तो द्यावा लागे. जायचं-यायचं भाडं वेगळं. हे पासबुक बघितलेला माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे!

कागदावर हक्क असतात आणि हातात काही येत नाही, हे आपल्याला नवीन नाही. तेव्हा हातात कसं आलं ते तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहादा-तळोद्याकडं बघून शिकावं. तिथले भिल्ल वर्षाच्या सालदारीवर बड्या जमीनदारांकडं राबायचे. अंबरसिंग सुरतवंतींच्या मागं माणसं उभी राहिली, १९७२ साली श्रमिक संघटना झाली. सालदारांनी मजुरीचं भांडण आणि गेलेल्या जमिनीचं भांडण एकाच तोंडानं मांडलं. अंबरसिंग १९७४ सालीच गेले, पण गावातली तरुण मंडळं राहिली. बाया दारूच्या भट्ट्यांवर चालून गेल्या. नेता गेल्यावरही काम पुढं चाललं, कारण बोलणारी माणसं गावागावात तयार झाली होती. जंगल कामगार सोसायट्यांचं उलटं झालं. ठेकेदार हटवायला म्हणून मुंबई राज्यात त्या १९४७ पासून निघाल्या, सभासद आदिवासी. पण कितीतरी ठिकाणी कारभार सेक्रेटरी आणि पुरस्कर्त्यांच्याच हातात राहिला आणि आपल्या माणसाकडं अंगठा तेवढा उरला.

म्हणून यंदा एवढं करा. अंगठा द्यायच्या आधी टोळीनं गावातच बसावं आणि दोन माणसं निवडावी, एक गडी आणि एक बाई. मुकादमाचा भाऊ किंवा मेहुणा नको. उचलीचं बोलणं दहा कोयत्यांनी एकदम करावं, घराघरात वेगळं नाही. शंभर पानी वही टोळीची स्वतःची असावी. गाडी भरली की टन आणि चिठ्ठीचा नंबर शाळेत गेलेल्या पोरानं रात्री लिहायचा. बाईचं नाव गड्याच्या नावाशेजारी लिहायचं. १९२६ च्या कायद्यानं सात जणांनी अर्ज केला तरी युनियन नोंदता यायची. दहा कोयते म्हणजे वीस माणसं.

पण गाव पूर्ण रिकामं करू नका. ज्यांचे तुकडे पंचनाम्यात आहेत त्या प्रत्येक घरातलं एक धडधाकट माणूस मागं राहावं. ते खाईल काय, हा प्रश्न रास्त आहे. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू आहे. पन्नास मजुरांनी नमुना ४ वर काम मागितलं तर नवं काम सुरू करता यायचं. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकार भत्ता लागू व्हायचा, सुरुवातीला दिवसाला कमीत कमी एक रुपया. रुपयात पोट भरत नाही हे खरं. पण तो रुपया द्यावा लागू नये म्हणून तहसीलदार काम काढायचा. तोंडी मागणी मात्र कुणी धरत नाही. अर्ज द्या, पोच घ्या, पोच दंडाच्या पावत्यांबरोबर ठेवा.

मुकादम म्हणेल, वही मागणारी टोळी नको, शेजारच्या गावातनं दुसरी घेतो. तो तसं करू शकतो, आणि पाच-सहा गावांत करेलही. त्यावर अजून तरी एकच उपाय सुचतो. शेजारच्या गावाशी आपण त्याच्याआधी बोललेलं असावं. येत्या बाजारच्या दिवशी चुडावा, वसमत आणि किनवट या तिन्ही ठिकाणी आपले कार्यकर्ते बसतील. नमुना ४ च्या कोऱ्या प्रती आणि शंभर पानी वह्या तिथं मिळतील. वहीचे पैसे पट्टा पडल्यावर दिले तरी चालतील.