पोरं अडाणीपणानं मरत नाहीत



१९९२ साली वावर-वांगणीत पोरं मेली, तेव्हा मंत्र्यांच्या गाड्या जव्हारला धावल्या. तेव्हापासून पावसाळा आला की साहेब लोक येतात, पोरांचे दंड मोजतात आणि जाताना आम्हालाच शिकवून जातात. आदिवासी अडाणी, आया पोरांना नीट भरवत नाहीत, दवाखाना सोडून भगताकडे जातात.

भगताकडे आम्ही जातो, खोटं कशाला बोला. तो पाड्यातच राहतो. दवाखाना दोन डोंगरांपलीकडे, आणि तिथं डॉक्टर असेलच असं नाही. पण साहेब, आईनं भरवायचं काय, ते तरी सांगा!

बापजाद्यांनी कसलेला आमचा प्लॉट फॉरेस्टच्या कागदावर 'अतिक्रमण' आहे. १९२७ चा कायदा इंग्रजांचा, १९८० चा दिल्लीचा. दोघांच्या लेखी आम्ही चोर. उभ्या नाचणीत गुरं घालतात, झोपडी मोडतात. प्लॉट नावावर नाही म्हणून कर्ज नाही, विहीर नाही. घरकुल मागितलं तर म्हणतात, सातबारा आणा. मग गळक्या कुडाच्या झोपडीत, ओल्या भुईवर पोर निजतं आणि खोकतं. डॉक्टर न्यूमोनिया लिहितो. सातबारा कुठं लिहितो?

दिवाळी झाली की कणगी रिकामी. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, चला भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर. तिथं भोंग्यात वाकून शिरायचं, डबक्याचं पाणी प्यायचं. रेशनकार्ड गावच्या दुकानाचं, तिथं तेव्हा चालत नव्हतं. पोराचं नाव गावच्या अंगणवाडीत. भट्टीवर ते कुणाच्याच वहीत नाही. आमच्यातल्या एका बाईला गावात टीबीची औषधं सुरू झाली होती, भट्टीवर गेली आणि तुटली. आगोटीला परत आली ती नुसती हाडं. दवाखान्यात तिलाच झापलं, औषध का सोडलं म्हणून. उचल कोण फेडणार होतं, हे कुणी विचारलं नाही.

सुखडी वाटणं सोपं आहे. ३१ मार्च १९७८ च्या आधीचे प्लॉट कायम करू, हे सरकारनंच कबूल केलं होतं, ते का झालं नाही? रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. मागितल्यावर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. तेवढं मिळालं तर भट्टीवर जाईल कोण?

दंडाच्या पावत्या फाडू नका, चुलीत घालू नका, त्याच आपला पुरावा. कामाच्या मागणीचे अर्ज दसऱ्याआधी पाड्यापाड्यात भरा. बाया पुढं राहतील. पोच हातात पडल्याशिवाय ऑफिसातून कुणी हलायचं नाही.