गाडी द्यावी, पण विमा कंपनीला विचारून

१९५३ साली युरोपातल्या काही शाळाशिक्षकांनी साधा हिशेब मांडला. उन्हाळ्याची सुट्टी लांबलचक, पगार बेताचा आणि स्वतःचं घर सुट्टीभर कुलूपबंद. मग दुसऱ्या देशातल्या शिक्षकाने आपल्या घरी राहावं, आपण त्याच्या घरी. भाडं कोणीच कोणाला देऊ नये. त्यातून ‘इंटरव्हॅक’ ही घरांच्या अदलाबदलीची संस्था उभी राहिली. १९९२ मध्ये एड कुशिन्स यांनी अमेरिकेत ‘होमएक्स्चेंज’ सुरू केलं. २००६ च्या ‘द हॉलिडे’ या हॉलिवूडपटाने इंग्लंडमधलं टुमदार घर आणि लॉस एंजेलिसचा बंगला यांची अदलाबदल दाखवली, तेव्हा ही कल्पना जगभरच्या प्रेक्षकांपर्यंत पोचली.

घराचं ठरलं की गाडीचा विषय निघतोच. लंडन-पॅरिसमध्ये गाडीवाचून अडत नाही. फ्रान्सच्या खेड्यात किंवा अमेरिकेच्या उपनगरात मात्र दूध-पाव आणायलाही गाडी काढावी लागते. शिवाय दोन्ही कुटुंबांच्या गाड्या आपापल्या दारात धूळ खात उभ्या राहणार आणि दोघंही परक्या गावात भाड्याच्या गाडीला पैसे मोजणार, यात शहाणपण नाही. म्हणून घराबरोबर गाडीही द्यावी. अट एकच: विमा कंपनीचं लेखी उत्तर हाती येईपर्यंत किल्ली देऊ नये.

ही अट अविश्वासातून आलेली नाही. पाहुण्याच्या हातून कप फुटला, सोफ्यावर डाग पडला, तर ते प्रकरण दोन कुटुंबांत मिटतं. गाडी रस्त्यावर आली की तिसरा माणूस मध्ये येतो. सायकलवरून शाळेत निघालेल्या मुलाचा या अदलाबदलीशी काहीही संबंध नसतो. त्याला धक्का लागला, तर पाहुणा किती सज्जन होता याने त्याच्या उपचाराचा खर्च भागत नाही. तिथे फक्त पॉलिसी कामाला येते आणि पॉलिसीचे नियम देशागणिक बदलतात.

ब्रिटनमध्ये विमा प्रामुख्याने चालकाचा बघितला जातो. पॉलिसीवर ज्याचं नाव, त्यानेच गाडी चालवायची. पाहुण्याचं नाव घालून घ्यावं लागतं, नाहीतर त्याच्यासाठी थोड्या दिवसांची वेगळी पॉलिसी काढावी लागते. यात हयगय झाली तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ पेनल्टी पॉइंट्स बसू शकतात. पोलीस गाडीही जप्त करू शकतात. १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टनुसार विम्याशिवाय गाडी चालवणाऱ्याइतकाच, ती चालवू देणारा मालकही गुन्हेगार ठरतो. तो त्या वेळी हजारो मैल दूर दुसऱ्याच्या घरी सुट्टीवर असला तरीही.

फ्रान्समध्ये बऱ्याच पॉलिसी दुसऱ्याला गाडी चालवू देतात. तरी काहींमध्ये ठरावीक चालकाची अट असते, तर काहींमध्ये नवशिक्या चालकाच्या हातून अपघात झाल्यास मालकाला पदरचे जादा पैसे भरावे लागतात. मोठा फटका पुढेच बसतो. तिथे सलग १३ वर्षं अपघाताविना गेली की विम्याचा हप्ता निम्म्यावर येतो, आणि चालकाची पूर्ण चूक असलेला एक अपघात हप्ता ठरवणारा गुणांक २५ टक्क्यांनी वाढवतो. चूक पाहुण्याची असली, तरी भार विमाधारकावर पडतो.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी विमा गाडीमागे जातो, म्हणून मालक निर्धास्त असतात. पण फ्लॉरिडातला मालक, आपल्या परवानगीने गाडी चालवणाऱ्याच्या चुकीलाही जबाबदार धरला जातो. १९२० पासून तिथली न्यायालयं हेच मानत आली आहेत. गाडी अशी वापरायला देणाऱ्या व्यक्तीची जबाबदारी पुढे कायद्याने मर्यादित केली, पण ती मर्यादाही शारीरिक इजेसाठी माणशी १ लाख डॉलरची आहे.

मराठी घरांना हा विषय दूरचा नाही. न्यू जर्सीचा भाचा लग्नासाठी पुण्यात उतरतो आणि मामाची गाडी घेऊन सहकुटुंब कोकणात जातो. इकडचे आजी-आजोबा तिकडे गेले की लेकाच्या गाडीची किल्ली हातात येते. आपल्याकडची नेहमीची पॉलिसी, वैध लायसन्स असलेल्या कोणालाही मालकाच्या संमतीने गाडी चालवू देते. भाच्याजवळ अमेरिकी लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट असायला हवं. लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू दिली तर मालकाला ५,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एक क्लेम केला की वर्षानुवर्षं जमवलेला, ५० टक्क्यांपर्यंत गेलेला नो क्लेम बोनस जातो. ई-चलान मालकाच्याच नावावर येतं.

गाडी मागून नेणाऱ्यानेही एक निकाल माहीत करून घ्यावा. कर्नाटकात मागून आणलेल्या मोटारसायकलची बैलगाडीला धडक बसून चालक दगावला होता. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरच्या निंगम्मा प्रकरणात सांगितलं, की गाडी मागून नेणारा मालकाच्या जागी उभा राहतो. त्यामुळे मोटार वाहन कायद्याच्या तेव्हाच्या कलम १६३-अ खाली त्याच्या वारसांना भरपाई मागता आली नाही. मालकाच्या पॉलिसीतलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षणही मालक-चालकासाठी असतं. भाच्याने स्वतःचा अपघात विमा काढूनच घाटात उतरावं.

हे सगळं सांभाळायला वकील लागत नाही, एका पानाचा कागद पुरतो. पाहुण्याचं नाव, लायसन्सचा क्रमांक, तारखा आणि दुसरं कोणी चालवणार असेल तर त्याचंही नाव त्यावर असावं. विम्यातून वजा होणारी रक्कम, वाढलेला हप्ता, टोल आणि दंड कोण भरणार, हेही लिहावं. गाडी देण्याआधी तिचे चारही बाजूंनी फोटो काढावेत, म्हणजे जुना ओरखडा कोणाचा यावर वाद होत नाही. युरोपात अपघात झाल्यावर दोन्ही चालकांनी भरायचा फॉर्म मिळतो. तो गाडीच्या कप्प्यात ठेवावा आणि कसा भरायचा ते पाहुण्याला दाखवावं. पाहुण्याकडून पैसे मात्र घेऊ नयेत. पैसे घेतले की खासगी गाडी भाड्याची ठरू शकते आणि कंपनीला क्लेम नाकारायला कारण मिळतं.

कंपनी नाही म्हणाली, तर मालकानेही नाही म्हणावं आणि ते विमानाची तिकिटं काढण्यापूर्वी सांगावं, म्हणजे पाहुण्याला दुसरी सोय करता येते. या सुट्टीत गाडीची किल्ली कोणाच्या हाती देणार असाल, तर आजच पॉलिसीचा कागद बाहेर काढून चालकाविषयीचं कलम वाचा आणि विमा कंपनीला ईमेल पाठवा.