अर्धवेळ कोणी ठरविले?

मालवणच्या किनाऱ्यावर देवबागपासून आचऱ्यापर्यंतच्या वाड्यांतून सकाळी अंगणवाडीची मदतनीस घरोघर जाऊन मुले गोळा करते. पावसाळ्यात वहाळ आणि साकव ओलांडून हेच काम करावे लागते. सेविका मुलांना शिकविते, त्यांची वजने घेते, आहार वाटते, गरोदर स्त्रियांची नोंद ठेवते, लसीकरणासाठी माता-बालकांना बोलावून आणते. केंद्र बंद झाल्यावर गृहभेटी होतात आणि साऱ्या नोंदी मोबाइलवरील पोषण ट्रॅकरमध्ये भराव्या लागतात. सरकारी दप्तरात मात्र हे काम दिवसातील मोजक्या तासांचे आणि ते करणारी स्त्री 'मानसेवी'. या एका शब्दात तिच्या म्हातारपणाचा निकाल लावलेला असतो.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पुढे ती देशभर पसरली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाडीतील आहार हा बालकाचा कायदेशीर हक्क ठरला. परंतु तो हक्क ज्या हातांनी बालकापर्यंत पोचतो, त्या हातांना कामगार म्हणण्याची शासनाची तयारी नव्हती. ते वेतन देत नाही, मानधन देते. आणि मानधनावर भविष्य निर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही, असा हा साधा हिशेब!

या हिशेबाला सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी धक्का दिला. गुजरातमधील दाहोद जिल्ह्याच्या प्रकरणात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या कायद्यानुसार ग्रॅच्युइटी देय ठरविली. कामाचा सारा व्याप पाहता ते अर्धवेळ आहे हा युक्तिवाद मान्य होणार नाही, आणि मानधन हेही वेतनच होय, असा या निकालाचा आशय आहे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. ग्रॅच्युइटीचा कायदा रोजचे तास विचारत नाही. सेवेची वर्षे आणि वर्षातील कामाचे दिवस विचारतो. १९७२ च्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी पाच वर्षांच्या सेवेची सर्वसाधारण अट आणि दर वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन हे सूत्र कायम आहे. महिना १०,००० रुपये आणि सेवा तीस वर्षे धरली, तर ही रक्कम सुमारे १,७३,००० रुपये होते. आयुष्याची उमेद खर्ची घातलेल्या स्त्रीला हीदेखील नाकारावी काय?

तिजोरीवर भार पडेल, असे उत्तर मिळते. परंतु न दिलेला खर्च नाहीसा होत नसतो. तिजोरी तो उचलत नाही, तेव्हा तो म्हाताऱ्या सेविकेच्या, तिच्या मुलांच्या आणि मुंबईतून येणाऱ्या तुटपुंज्या मदतीच्या माथी जातो. ज्याची ऐपत सर्वांत कमी त्याच्यावर सर्वांत जास्त भार, हे कोणत्या अर्थशास्त्राचे तत्त्व?

खरोखरच अर्धवेळ असणारी कामेही असतात. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९४ च्या करारात मार्ग दाखविला आहे : तास कमी असतील तर लाभ त्या प्रमाणात द्या, पण तास कमी म्हणून लाभ शून्य, असे नको. भारताने या कराराला अनुमोदन दिलेले नाही. आपल्याकडे तर उलटाच व्यवहार : आधी काम पूर्ण घ्यावयाचे, मग कागदावर ते अर्धे करावयाचे आणि अखेर त्या अर्ध्याचेही मोल शून्य ठरवावयाचे.

निकाल लागला म्हणजे हक्क घरी चालत येत नाही. तो लागून दीड वर्ष उलटल्यावरही, ४ डिसेंबर २०२३ पासून, महाराष्ट्रातील सेविका-मदतनिसांना संपावर जावे लागले, आणि ग्रॅच्युइटी ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. म्हणून कार्यकर्त्यांनी सभांतील ठरावांवर थांबू नये. वाडीवाडीत जाऊन प्रत्येक सेविकेचा व मदतनिसीचा नेमणुकीचा आदेश, सेवेची तारीख आणि मानधनाच्या नोंदी एकत्र कराव्यात. सेवा संपलेल्या भगिनींचे अर्ज लेखी दाखल करवून त्यांची पोच घ्यावी. दप्तराने ज्यांचा दिवस अर्धा ठरविला, त्यांचा पूर्ण दिवस दप्तरातच नोंदवून घेणे, हे आजचे काम आहे.