वयानुसार पुस्तक बदला, इतिहास नको

नोव्हेंबर जवळ आला की बेसिंगस्टोकच्या मराठी घरांत अमेरिकेतल्या मावशी-काकांकडून पुस्तके येतात. त्यांत थँक्सगिव्हिंगचे एखादे चित्रांचे पुस्तक हमखास असते. उंच टोप्या घातलेले यात्रेकरू, पिसे खोवलेले मूलनिवासी, मधोमध टर्की आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू. पाच वर्षांच्या धाकट्याला हे वाचून दाखवावे का, आणि अकरा वर्षांच्या ताईच्या हाती काय द्यावे? यावर आपल्या पालकांचे ठरलेले उत्तर असते: ‘लहानांना गोड गोष्ट सांगावी, खरे काय ते मोठेपणी कळेलच.’ हे उत्तर चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोड गोष्ट मुलांच्या पहिल्याच प्रश्नाला अडते. यात्रेकरूंना मका पेरायला शिकवणारा टिस्क्वांटम चित्रात दिसतो. मूल विचारते, ‘त्याला इंग्रजी कसं येत होतं?’ खरे उत्तर असे की १६१४ साली थॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये गुलाम म्हणून विकायला नेले. तिथून तो लंडनला पोचला. पुढे मायदेशी परतला तेव्हा साथीच्या रोगाने त्याचे पॅटक्सेट गाव ओस पडले होते. त्याच जागेवर प्लिमथची वसाहत उभी राहिली. हे गाळले तर तो माणूस आपोआप इंग्रजी येणारा, आपोआप मदतीला धावणारा होतो. अशा पुस्तकाला इतिहास म्हणता येत नाही.

‘पण एवढ्याशा जिवाला हे सोसेल का?’ हा आक्षेप मनापासूनचा असतो, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. आपली मुले तीन-चार वर्षांची असताना आजीकडून सीतेचे हरण ऐकतात. कंसाचा तुरुंग ऐकतात, श्रावणबाळाचा बाण ऐकतात. ती कोमेजत नाहीत. उलट ‘पुढे काय झालं?’ म्हणून पाठ सोडत नाहीत. दुःख मुलांना पेलते. मात्र तपशिलाला वय असते, हे मला मान्य आहे. १६७६ मध्ये वसाहतवाल्यांशी लढणारा मूलनिवासी प्रमुख मेटाकॉम याला मारून त्याचे शिर प्लिमथमध्ये खांबावर लावले, हे पाच वर्षांच्या मुलाला सांगायचे कारण नाही. न सांगणे आणि खोटे सांगणे यांत फरक आहे. गाळलेले पुढे भरता येते. खोटे सांगितलेले मात्र मागे घ्यावे लागते, आणि एकाच सोफ्यावर ताई शेजारी बसलेली असताना ते लगेच मागे घ्यावे लागते.

दुसरा आक्षेप: ‘हा सण ना आपला, ना इथला.’ सण इथला नाही, पण माणसे इथलीच. यात्रेकरूंचे मेफ्लॉवर जहाज १६२० च्या ऑगस्टमध्ये निघाले ते आपल्याच हॅम्पशरच्या साउथॅम्प्टन बंदरातून. अमेरिकी पुस्तके बहुधा जहाजापासून सुरू होतात. आपल्याला जहाजाच्या आधीपासून सुरुवात करता येते. ओल्ड बेसिंगला बेसिंग हाउसचे अवशेष आहेत. १४ ऑक्टोबर १६४५ रोजी क्रॉमवेलच्या सैन्याने ते कॅथलिक सरदाराचे घर फोडले. त्या सैन्यात प्युरिटन मंडळींचा भरणा होता आणि मेफ्लॉवरचे यात्रेकरू त्याच धार्मिक प्रवाहातले. धर्माच्या भांडणाने माणसे देश का सोडतात आणि सत्ता हाती आल्यावर त्याच विचाराची माणसे काय करतात, हे दहा वर्षांच्या मुलाला त्या पडक्या भिंतींपाशी समजावून देता येते. प्लिमथमधल्या मुलांनाही ही सोय नाही.

मग निवड कशी करायची? चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी ‘कीपुनुमुक’ (२०२२) घ्यावे. ते वाम्पानोआग आणि इतर मूलनिवासी लेखकांनी लिहिले आहे. त्यात आजी नातवंडांना मक्याच्या बाजूने गोष्ट सांगते, आणि हा दिवस अनेकांना शोकाचा वाटतो, हेही त्यात येते. आठ ते बारासाठी कॅथरीन ओ’नील ग्रेस आणि मार्गारेट ब्रुशॅक यांचे २००१ चे ‘१६२१’ हे छायाचित्रांचे पुस्तक आहे. त्यापुढच्या मुलांसोबत मूळ साधनेच वाचावीत. यात्रेकरूंपैकी विन्स्लो याच्या पत्रातला, या सणाचे मूळ मानल्या जाणाऱ्या मेजवानीचा मजकूर एका परिच्छेदाचा आहे: वाम्पानोआग प्रमुख मॅसासॉइट सुमारे ९० माणसांसह आला, तीन दिवस खाणेपिणे झाले, त्यांनी पाच हरणे मारून आणली. आमंत्रणाचा त्यात उल्लेख नाही. अशा एका परिच्छेदावर एवढा सण कसा उभा राहिला, हे मुलांनीच शोधावे. हा सण देशभर पाळण्याच्या लिंकनच्या १८६३ च्या घोषणेपर्यंत ती आपणच पोचतील.

‘असे वाचून अभिमान उरणार नाही,’ हा शेवटचा आक्षेप. तो शिवचरित्राच्या बाबतीतही ऐकू येतो, आणि तिथेही टिकत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे २०२४ मध्ये साताऱ्याला आली. अफझलखान-वधात हीच वापरली असे सिद्ध करता येत नाही, असे म्युझियम स्वतःच सांगते. त्यांच्या पेटीवर तर ‘मुघल सेनापती’ला मारल्याचा मजकूर आहे. अफझलखान आदिलशाहीचा सरदार होता, हे जाणणारे आपले आठ वर्षांचे मूल ती चूक पकडते. ते पकडताना महाराजांविषयीचा त्याचा आदर तसूभरही कमी होत नाही. उलट, इतिहास आपल्यालाही तपासता येतो हे त्याला कळते.

तेव्हा पार्सल आले की ते पुस्तक आधी स्वतः शेवटपर्यंत वाचा. त्यातले एखादे वाक्य मूल बारा वर्षांचे झाल्यावर मागे घ्यावे लागणार असेल, तर ते पुस्तक आज पाच वर्षांच्या मुलालाही वाचून दाखवू नका.