जुन्या इंजिनाला तेल, भूमिहीनाला काय?

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचे खापर हे अक्कलकुवा तालुक्यातले बाजाराचे गाव. सातपुड्याच्या पाड्यांवर माणसे वाहणारी जीप, नदीनाल्याचे पाणी शेतात ओढणारे ऑइल इंजिन, नर्मदेच्या फुगवट्यात मणिबेलीकडे जाणारी बोट, या साऱ्यांचा जीव जुन्या डिझेल इंजिनात आहे. डिझेलचा भाव वाढला की जीपचे भाडे वाढते, नांगरटीचा दर वाढतो आणि मजुराच्या हातात पडणारा पैसा मात्र तेवढाच राहतो. म्हणून जुन्या इंजिनात डिझेलऐवजी काय जाळता येईल, हा प्रश्न अभियंत्यांवर सोपवून चळवळीला मोकळे होता येणार नाही. हा प्रश्न जमिनीचा आहे, कायद्याचा आहे.

मुळात डिझेल इंजिन काही डिझेलचे मिंधे नव्हते. 1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले गेले. साताऱ्याचे कूपर आणि पुण्याचे किर्लोस्कर यांची जी इंजिने महाराष्ट्राच्या विहिरींवर धडधडत राहिली, ती संथ फिरणारी, जाड बांध्याची, साध्या यांत्रिक पंपाची. आजच्या नव्या गाडीतला बारीक छिद्रांचा, संगणकाच्या हुकमावर चालणारा इंधनपंप जे सहन करणार नाही, ते हे जुने इंजिन बरेचसे पचवते. करंजाचे किंवा मोगली एरंडाचे गाळलेले तेल त्यात चालते, हे सिद्ध झालेले आहे.

पण ‘चालते’ आणि ‘टिकते’ यात फरक आहे. झाडाच्या बियांचे तेल डिझेलच्या सुमारे दहापट घट्ट असते. ते तापवून पातळ केल्याशिवाय नीट फवारले जात नाही. इंजिन डिझेलवर सुरू करावे, तापल्यावर तेलावर घ्यावे आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा डिझेलवर आणावे लागते. ही शिस्त पाळली नाही तर नोझलवर काजळी धरते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि खालचे वंगण तेल डिंकासारखे होते. तेलाचे जैवडिझेल करून घेतले तर घट्टपणा जातो, पण त्यासाठी मिथेनॉल लागते. 2015 साली मालवणीत विषारी दारूने शंभरावर गरिबांचे बळी घेतले, ते याच मिथेनॉलमुळे. ते पाड्यापाड्यावर पिंपात साठवा, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. शिवाय जैवडिझेलने जुन्या इंजिनाचे रबरी पाइप आणि सील फुगतात, ते बदलावे लागतात. एवढी काळजी घेणाऱ्याला हे इंधन परवडते. ही झाली यंत्राची बाजू.

आता माणसाची बाजू पाहू. महाराष्ट्रात जुन्या डिझेल इंजिनात सर्वांत जास्त काळ भेसळ म्हणून गेलेले इंधन कोणते? रेशनचे निळे रॉकेल! गरिबाच्या झोपडीतल्या चिमणीसाठी शासनाने स्वस्तात दिलेले रॉकेल दुकानाच्या मागच्या दाराने निघे आणि टँकरमधून डिझेलमध्ये मिसळले जाई. रॉकेलला वंगण नसल्याने इंजिनाचा पंप झिजे आणि झोपडीत अंधार राही. नफा मात्र मधल्या साखळीचा. 1993 चा रॉकेलविषयक आदेश होता, जीवनावश्यक वस्तू कायदा होता, ओळखण्यासाठी निळा रंगही होता. तरीही 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी भरदिवसा जिवंत जाळले. जिथे अपर जिल्हाधिकारी सुरक्षित नाही, तिथे रेशन दुकानदाराविरुद्ध तक्रार करणाऱ्या भूमिहीन विधवेची काय कथा? पुढे शासनाने चोर सोडून अनुदानच संपवले. 2016 पासून रॉकेलचा भाव टप्प्याटप्प्याने वाढवत 2020 पर्यंत अनुदान शून्यावर आणले गेले.

दुसरा अध्याय मोगली एरंडाचा. नियोजन आयोगाच्या समितीने 2003 मध्ये अहवाल दिला. देशात 1 कोटी 34 लाख हेक्टर जमीन मोगली एरंडासाठी उपलब्ध आहे आणि 2011-12 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के जैवडिझेल मिसळता येईल, असे त्यात मांडले होते. ही जमीन कोणती? विरळ जंगल, पडीक, सार्वजनिक जमीन. सरकारी कागदावर जी ‘पडीक’ असते, तिच्यावर प्रत्यक्षात कोणाची तरी शेळी चरत असते, कोणाची तरी ज्वारी उभी असते. महाराष्ट्रात तिचे नाव गायरान. याच जमिनीसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, हजारो माणसे तुरुंगात गेली. छत्तीसगडमध्ये तर आदिवासी कसत असलेल्या जमिनीत मोगली एरंडाची रोपे लावल्याच्या तक्रारी त्या काळात झाल्या. शेवटी पाण्याशिवाय पीक आले नाही, भाव परवडला नाही आणि डिझेलमधले जैवडिझेल एक टक्क्याच्याही आत राहिले. योजना फसली म्हणून जमिनी वाचल्या. फसली नसती तर?

हा प्रश्न जुना झालेला नाही. 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के जैवडिझेलचे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्या पुन्हा जमीन शोधली जाईल आणि शोधणाऱ्याची नजर पुन्हा गायरानावर आणि जंगलावरच पडेल. त्या दिवशी घोषणा उपयोगी पडणार नाहीत, कागद उपयोगी पडेल. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त भूमिहीनांची गायरानावरील शेती नियमित करण्याचे मान्य केले. गाव नमुना 1-ई मधील नोंद आणि दंडाच्या पावत्या हा त्याचा पुरावा. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात 28 जानेवारी 2011 रोजी अतिक्रमणे हटवण्याचा आदेश देताना, शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला आहे. निकालाचा पहिला भाग तहसीलदार वाचून दाखवतो. दुसरा भाग आपल्याला वाचून दाखवावा लागेल.

खापरच्या परिसरात, पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात, कायदा याहूनही भक्कम आहे. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(1)(ग) ने गौण वनोपजाची मालकी वननिवासींना दिली. 2012 च्या सुधारित नियमांनी त्या मालकीत प्रक्रिया, साठवण, वाहतूक आणि विक्री यांचाही समावेश केला. म्हणजे करंजाच्या बिया गोळा करून स्वतःच्या घाणीवर तेल काढण्याचा आणि विकण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. करंज आणि मोहाच्या बियांना केंद्राच्या 2013 च्या योजनेत किमान आधारभूत किंमतही आहे. मोहाबद्दल मात्र एक खबरदारी घ्यावी. मोहाच्या बियांचे तेल सातपुड्यात खाण्याचे तेल आहे. हिवाळ्यात ते तुपासारखे थिजते, म्हणून इंजिनालाही फारसे सोयीचे नाही. ताटातले तेल टाकीत जाता कामा नये. करंज कडू आहे, तो इंजिनाला द्यावा.

हे स्वप्नरंजन आहे काय? यवतमाळ-चंद्रपूरच्या सीमेपलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यातल्या पॉवरगुडा या आदिवासी गावच्या महिलांनी करंजाची झाडे लावली, तेलघाणी चालवली. ऑक्टोबर 2003 मध्ये डिझेलऐवजी करंजतेल वापरल्याने वाचणाऱ्या 147 टन कार्बनचे 645 डॉलर जागतिक बँकेने त्यांना दिले. रक्कम छोटी, पण ती बचत गटाच्या हाती आली. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातच धडगाव तालुक्यातल्या बिलगावने 2003 मध्ये केरळच्या अभियंत्यांच्या मदतीने श्रमदानातून 15 किलोवॅटची वीज उभी केली होती. 2006 मध्ये सरदार सरोवराच्या पाण्याने ती बुडवली. गावाला ऊर्जा निर्माण करता येते, हे बिलगावने दाखवले. गावाच्या ऊर्जेला कायद्याचे संरक्षण नसेल तर काय होते, तेही बिलगावनेच दाखवले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना 1943 मध्ये त्यांनी विजेच्या धोरणाची मांडणी केली, ती वीज स्वस्त आणि मुबलक हवी या आग्रहाने. कारण दारिद्र्याच्या फेऱ्यातून माणूस सोडवणे हे त्या विजेचे काम होते. हीच कसोटी प्रत्येक नव्या इंधनाला लावली पाहिजे. 2030 ला फार वर्षे उरलेली नाहीत. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात गायरानाच्या 1-ई च्या नकला आजच काढाव्यात, प्रलंबित वनहक्क दाव्यांची यादी करावी आणि दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही, हे कलम 4(5) गावाच्या चावडीवर मोठ्याने वाचून दाखवावे. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय इंधनासाठी एकही रोप लावू देऊ नये. जुने इंजिन कोणतेही तेल पिते. ते तेल भूमिहीनाच्या जमिनीतून फुकट काढू द्यायचे की त्याच्या मालकीने विकायचे, हे आता आपण ठरवायचे आहे.