बांगडीचे माप

मैत्रिणींनो, परवा कासाराच्या दुकानात शेजारच्या वहिनी भेटल्या. हिरमुसल्या होत्या. "ऑपरेशन होऊन चार महिने झाले बघा, जुन्या मापाची बांगडी काही चढंना. सगळं वाया गेलं म्हणायचं का?"

वहिनींना अ‍ॅक्रोमेगाली होती. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिथे गाठ होऊन वाढीचे संप्रेरक जास्त पाझरू लागले, की मोठ्या वयात हात-पाय, नाक, जबडा रुंदावतात. जोडवी रुततात, चपला अपुऱ्या पडतात. मधुमेह नि रक्तदाबही मागे लागतात. सगळे इतके हळूहळू होते, की घरच्यांना लग्नाचा फोटो पाहूनच फरक कळतो.

ही गाठ बहुधा नाकातून काढतात. हार्वे कुशिंग या अमेरिकन सर्जननी असे ऑपरेशन १९०९ साली केले, तेव्हा हे संप्रेरक रक्तात मोजता येत नव्हते. आज येते. म्हणूनच यशाचे माप बांगडीवर ठरवायचे नाही! अंगावरची सूज उतरते, घाम कमी होतो, अंगठी सैलही होते. पण वाढलेले हाड मागे जात नाही.

खरे माप रक्तात. सुमारे १२ आठवड्यांनी 'आयजीएफ-१' तपासतात. घाई केली तर आकडा फसवा येतो, कारण तो सावकाश उतरतो. तो आपल्या वयाच्या मर्यादेत हवा. शिवाय ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तास संप्रेरक मोजतात. ते १ नॅनोग्रॅमच्या खाली उतरले तर उत्तम. जोडीला एमआरआय. गाठ १ सेंटिमीटरपेक्षा लहान नि सर्जन अनुभवी असेल, तर बहुतेकींना गुण येतो. मोठ्या गाठीत तेवढी खात्री नसते. पण थोडी गाठ उरली तरी इंजेक्शने, गोळ्या, किरणोपचार आहेतच.

मी विचारले, "तीन महिन्यांची तपासणी केलीत?"

"आमचे हे म्हणतात, ऑपरेशन झालं, आता पुन्हा खर्च कशाला?"

अहो, शेत पेरून काढणीला जायचेच नाही, असे झाले हे! मी भाऊजींना तसे सांगितले. ते हसले, पण पुढच्याच आठवड्यात वहिनींना घेऊन गेले. 'आयजीएफ-१' मर्यादेत आले. साखरही उतरली होती, म्हणून डॉक्टरांनी मधुमेहाची गोळी कमी केली. आपल्या मनाने मात्र कुठलीच गोळी सोडू नये.

आकडे चांगले आले तरी ही तपासणी दरवर्षी हवी. सगळे रिपोर्ट तारखेवार एका फाइलीत लावा नि दर खेपेला सोबत न्या.

आणि वहिनी? त्यांनी मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या भरल्या!