टपावरचे ओझे

वास्तववादाची चर्चा आपल्याकडे बहुधा तपशिलांच्या मोजदादीवर येऊन थांबते. कादंबरीतील बोली अस्सल आहे काय, अवजारे नेमक्या नावांनी आली आहेत काय, गावाचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो काय, असे प्रश्न विचारले जातात आणि उत्तरे होकारार्थी आली की कृतीला वास्तववादी ठरवून आपण मोकळे होतो. तपशील अचूक असणे वेगळे आणि त्याने कृतीत काही कार्य करणे वेगळे, हे तत्त्वतः सर्वांनाच मान्य असते. तो फरक नेमका दाखवायचा कसा, एवढाच प्रश्न उरतो. माझ्या मते साहित्याबाहेरच्या एका अगदी किरकोळ वाटणाऱ्या जागी तो फार स्वच्छ दिसतो. अमेरिकेतील हौशी मंडळी रेडिओ-नियंत्रित ‘रॉक क्रॉलर’ गाड्यांच्या ज्या स्थानिक स्पर्धा बंद खोलीत भरवतात, ती ही जागा.

या गाड्या बहुधा खऱ्या गाडीच्या एक-दशांश आकाराच्या असतात. त्यांना वेगाशी काही कर्तव्य नसते. दगडधोंड्यांवरून, कपारींतून, उलटू न देता गाडी हळूहळू चढवायची, एवढेच काम. कॅलिफोर्नियातील रुबिकॉन ट्रेलवर किंवा युटा राज्यातील मोआबच्या खडकांवर माणसे खऱ्या जीपगाड्या घेऊन जे करतात, त्याचीच ही प्रतिकृती. उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात बाहेर बर्फ साचला की ही मंडळी एखादे गोदाम, गॅरेज किंवा हॉबीच्या दुकानामागची खोली गाठतात आणि लाकडी सांगाडा, फोम, सिमेंट व उचलून आणलेले दगड यांचा डोंगर रचतात. त्यावर जोडीजोडीने खुणा ठेवून ‘फाटके’ आखली जातात आणि ठरलेल्या वेळात ती क्रमाने ओलांडायची असतात. गुणांची पद्धत सहसा दोषांकांची असते. गाडी मागे घेतली तर थोडे दोषांक, खुणेला धक्का लागला तर अधिक, उलटलेली गाडी हाताने सरळ केली तर त्याचेही वेगळे. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजयी.

गाड्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला निव्वळ चढाईचा. यातली गाडी म्हणजे जवळजवळ सांगाडाच असतो. एका आसाची दोन्ही चाके एकत्र फिरावीत म्हणून डिफरन्शियल जखडलेले, गिअर अतिशय संथ, टायर मऊ, आणि भार खाली व पुढे राहावा म्हणून पुढच्या चाकांत शिसे किंवा पितळ भरलेले. रस्त्यावरच्या कोणत्याही गाडीशी तिचे साम्य नसते. दुसरा वर्ग हुबेहूब प्रतिकृतींचा. त्यांना दारे असतात, दिवे असतात, आत बसलेला चालक असतो, टपावर कॅरिअर, त्यावर स्टेपनी आणि जेरीकॅन असतात. अनेक ठिकाणी असल्या साजाला नियमानेच गुण मिळतात.

रोलाँ बार्थ यांनी १९६८ साली ‘वास्तवाचा परिणाम’ या अर्थाच्या शीर्षकाचा एक निबंध लिहिला. फ्लोबेरच्या एका कथेत भिंतीवर एक बॅरोमीटर आहे. कथानकात त्याचे काही काम नाही. बार्थ यांचे म्हणणे असे की, असला निरुपयोगी तपशील ‘मी वास्तव आहे’ एवढेच सांगण्यासाठी येतो. निरुपयोगीपणा हेच त्याचे कार्य. हा सिद्धान्त आपल्या वर्गांतून पुष्कळ शिकवला गेला आहे आणि त्याचा एक दुष्परिणामही झाला आहे. तपशील म्हणजे सजावट, आणि वास्तववाद म्हणजे सजावटीचे एक तंत्र, असे विद्यार्थ्याला वाटू लागते.

टपावरची स्टेपनी या समजुतीला धक्का देते. तिच्यामुळे गाडी खरी वाटते हे तर आहेच, पण तिच्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्यही वर सरकतो. ज्या चढावर सांगाडा सुखाने जातो, तिथे ही सजलेली गाडी कलंडते. म्हणजे इथे तपशिलाला किंमत मोजावी लागते. तो मिरवायचा असेल तर त्याचे वजन प्रत्येक दगडावरून वाहून न्यावे लागते आणि चालवणाऱ्याला आपली वाट, आपली चाल त्या वजनाप्रमाणे बदलावी लागते. बॅरोमीटर भिंतीवर टांगलेला राहतो. स्टेपनी गाडीच्या नशिबात भाग घेते.

इथे कोणी म्हणेल की खेळण्याच्या गाडीला कसले आले वास्तव? या आक्षेपाचे उत्तर भौतिकशास्त्र देते, आणि ते मोठे उद्बोधक आहे. वस्तू लहान केली की सगळे गुणधर्म सारख्या प्रमाणात लहान होत नाहीत. एक-दशांश गाडीचे वजन एक-सहस्रांशाच्या आसपास येते. तिच्या उंचीच्या प्रमाणात ती खाली पडते तेव्हा खऱ्या गाडीच्या तिप्पट घाईने पडते. म्हणूनच चित्रपटात एक-दशांश प्रतिकृती कोसळताना दाखवायची असेल तर सेकंदाला २४ ऐवजी सुमारे ७६ चौकटी टिपाव्या लागतात. नाहीतर खेळणे उघडे पडते. परंतु गाडी किती कललेल्या उतारावर उलटेल, हे केवळ चाकांमधील अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर ठरते. ते गुणोत्तर तेच राहिले तर लहान-मोठ्या दोन्ही गाड्या एकाच कोनाला उलटतात. तात्पर्य, ही प्रतिकृती वेगात खोटी ठरते आणि संथपणात खरी. क्रॉलरचा संथपणा म्हणूनच नुसती शैली ठरत नाही. प्रतिकृतीला खरे राहता येईल अशी ती जवळजवळ एकमेव गती आहे.

याच कारणाने मला बंद खोलीतली स्पर्धा उघड्या माळावरच्या फेरफटक्यापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. माळावर खरी माती, खरे गवत असते आणि छायाचित्रात गाडी खरीच भासते. खोलीत फोमचा डोंगर फोमचा म्हणूनच दिसतो, डोक्यावर ट्यूबलाइट असते, कडेला घडीच्या खुर्च्या असतात. दृश्याने फसवण्याची सोयच नसते. उरतो तो फक्त विरोध: चढ, घर्षण, वजन.

गुणांच्या नियमाबद्दल माझे मतभेद इथूनच सुरू होतात. २०१७ साली ट्रॅक्सॅस कंपनीने लँड रोव्हर डिफेंडरच्या रूपातली टीआरएक्स-४ आणली. २०२० च्या सुमारास अ‍ॅक्सियलची टेबलावर मावणारी एक-चोविसांश एससीएक्स२४ आली. हुबेहूबपणा आता खोक्यातूनच मिळतो. त्यामुळे नवख्यांना दार उघडले, हे चांगलेच झाले. पण हलक्या प्लॅस्टिकचा साज चिकटवून गुण मिळू लागले की तपशील पुन्हा भिंतीवर जाऊन बसतो. साजाला गुण जरूर द्यावेत, मात्र तो साज अंगावर घेऊन सगळी फाटके ओलांडल्यानंतरच, आणि त्याच्या वजनाच्या प्रमाणात. नुसत्या प्रदर्शनाची हौस असेल त्यांच्यासाठी वेगळे टेबल मांडावे.

कादंबरीत गुरुत्वाकर्षण नसते, असा शेवटचा आक्षेप येईल. असते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) पाऊस न पडणे हा हवामानाचा तपशील म्हणून येऊन थांबत नाही. त्याने मेंढरे मरतात, माणसे गाव सोडतात, मास्तरांची शाळा ओस पडते. दुष्काळाचे वर्णन किती हुबेहूब आहे हा तिथे दुय्यम प्रश्न आहे. पात्रांच्या पायांखालचा चढ त्याने किती वाढवला, हा खरा प्रश्न. कर्ज, आडनाव, विहिरीचे अंतर, लंगडा पाय या सगळ्या टपावरच्या वस्तू आहेत. त्यांच्यामुळे एखादी वाट बंद होत असेल, एखादे वळण घेता येत नसेल, तर त्या कादंबरीत आहेत. एरवी केवळ तिच्या मुखपृष्ठावर आहेत.

तेव्हा ग्रामीण, महानगरी वा कोणत्याही वास्तवाच्या चित्रणाचे कौतुक करताना परीक्षकाने तपशिलांची यादी करण्याआधी एकेक तपशील काढून पाहावा. तो काढल्यावर पात्राचा चढ सोपा होत नसेल, तर त्या तपशिलाला गुण देण्याचे कारण नाही.